घाणेगल्लीचा कदमताल

आमच्या शाळेच्या प्रभातफेरीने करंजनगरचा पुढच्या चाळीस वर्षांचा नकाशा बदलला. फुशारकी नाही मारत. म्हणजे आधी मारत होते, दिसेल त्याला थांबवून मारत होते आणि लोक ऐकूनही घेत होते. आता कुणी विचारलं तर मी विषय बदलते. पण लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते, माझ्या शहाणपणासकट.

करंजनगर किती झपाट्याने वाढत होतं सांगू? मी चौथीत निमाआत्याकडे राहायला आले तेव्हा घाणेगल्लीच्या टोकाला नुसता उघडा माळ होता. मी नववीत गेले तोवर माळाच्या पलीकडे बावीस मजली इमारतींच्या तीन रांगा उभ्या राहिल्या होत्या. आई-बाबा दोघंही सुरतेला कापडाच्या कारखान्यात, मी इथे आत्याजवळ. गल्ली मधोमध जिथे वळते तिथे आत्याची पिठाची गिरणी. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या. गल्ली इतकी अरुंद, की दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, आणि कुणी जायचं यावर पंधरा मिनिटं चर्चा. फुटपाथ नाही, झाड नाही, उघडं गटार मात्र दोन्ही बाजूंना. शाळेची तीनशे मुलं त्या गटाराच्या काठाकाठाने जायची आणि आठवड्याला एखादं तरी आत पडायचं.

नोव्हेंबरात महापालिकेच्या भावी रस्ते कक्षातल्या इंजिनीअर मुजावर मॅडम आमच्या शाळेत आल्या. त्यांनी केसाएवढा बारीक काचेचा तंतू वर धरला. आम्हाला तो दिसलाच नाही.

"इंटरनेटची केबल," त्या म्हणाल्या. "शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली पुरलेली आहे. हिच्यात प्रकाश सोडला की तो पुढे पळतो, पण काचेतल्या अगदी सूक्ष्म दोषांवर आपटून त्यातला थोडा परत येतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन हादरते, काच ताणली जाते. किती? केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण तेवढ्यानेही परत येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळाने परत आला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. म्हणजे केबलच्या प्रत्येक मीटरला एक कान फुटला असं समजा."

मी हात वर केला. "मग आम्ही वर्गात पाय आपटतो तेही कळतं?"

"कळतं. पण कोण आपटतंय ते नाही. नाव नाही, चेहरा नाही. फक्त पाऊल."

"नाव मला कळतं," मागून आमचे पीटीचे बिडवे सर म्हणाले.

मग मॅडमनी एक काचेची डबी उघडली. आत पिवळाधमक, बुळबुळीत, बुरशीसारखा दिसणारा जीव होता. सगळ्या मुलींनी एकदम "ईऽऽ" केलं. मी नाही केलं, मी पुढे जाऊन पाहिलं. त्याच्याभोवती ओटचे दाणे ठेवले होते. त्याने चारी दिशांना धागे सोडले होते. ज्या धाग्यातून अन्न येतं तो जाड होत जातो, ज्यातून येत नाही तो वाळून जातो, आणि शेवटी उरतं ते दाण्यांना जोडणारं सगळ्यात काटकसरी जाळं. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी उत्तम रस्ते आखतो.

महापालिकेने या जिवाचं वागणं संगणकात उतरवलं होतं. त्या यंत्रणेचं नाव वाटाड्या. प्रत्येक रस्ता म्हणजे एक धागा, पावलं आणि चाकं म्हणजे अन्न. पंचेचाळीस दिवस मोजणी करायची, मग वाटाड्या त्या जाळ्याला चाळीस वर्षं पुढे वाढवायचा. जो धागा जाड होईल तो उद्याचा मोठा रस्ता.

"पूर्वी रस्ते माणसं आखायची," मॅडम म्हणाल्या. "म्हणून रस्ता सरळ येता येता एखाद्या बड्या माणसाच्या कंपाउंडपाशी वाकडा व्हायचा. वाटाड्याला फोन करता येत नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं.

पैशाचीही त्यांनी युक्ती काढली होती. वाटाड्याने रेघ ओढली की त्या रस्त्याचे भावी हिस्से विकायला काढायचे. रस्ता झाल्यावर दोन्ही बाजूंच्या जागांचे भाव वाढणार, त्या वाढीतला वाटा आजच विकायचा आणि त्याच पैशातून रस्ता बांधायचा. तिजोरीला हातही लावायचा नाही. जिथे पावलं जास्त, तिथे हिस्से घेणाऱ्यांचा विश्वास जास्त. जिथे पावलं कमी, ती गल्ली आहे तशीच. आणि पायी चालणाऱ्यांची ठरावीक संख्या गाठली तर गल्लीला मिळणार सावलीवाट: रुंद फुटपाथ, झाकलेलं गटार, दोन्ही बाजूंना झाडं, दिवे.

"मॅडम, आम्ही मुद्दाम जास्त चाललो तर चालेल?"

त्या हसल्या. "चालणं ते चालणंच. वाटाड्या हेतू विचारत नाही."

संपलं! मी त्या दिवशी घरी चालत गेलेच नाही, पळत गेले.

गिरणीत आत्या गव्हाचा डबा वरच्या नरसाळ्यात ओतत होती. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या सगळं पांढरं. बाकावर शेवंताकाकू डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"आत्या, आपल्या गल्लीला फुटपाथ मिळणार!" गिरणीच्या आवाजावर मी ओरडले.

"कोण देतंय?"

"आपणच! चालून!"

"मग इतकी वर्षं आम्ही काय उडत होतो?" शेवंताकाकू म्हणाल्या.

मी केबल, पिवळा जीव, सावलीवाट, सगळं एका दमात सांगितलं. आत्याला किती कळलं कोण जाणे, पण ती माझ्याकडे बघत राहिली. सहावीपर्यंत मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात "उपस्थित" म्हणायची आणि बाई गैरहजेरी मांडायच्या. तीच मी आता हातवारे करून गल्लीचं भविष्य सांगत होते.

"बोलते बघ कशी," आत्या शेवंताकाकूंना म्हणाली. "माझी पोरगी."

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या खोलीत, परवानगी न घेता. एक डिसेंबरपासून पंचेचाळीस दिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, संपूर्ण शाळेची प्रभातफेरी घाणेगल्लीतून! सर आधी "नाही" म्हणाले, मग "बघू", मग "बिडवे सरांना विचार".

बिडवे सर तर आनंदाने लालच झाले. "पण चालायचं तर धड चालायचं. मेंढरं आहात का तुम्ही? चार-चारच्या ओळी. कदमताल. तीनशे बारा मुलं, पाऊल ऐकू येईल एकच!"

आणि खरंच एकच यायचं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुढे ड्रम, मागे अठ्ठ्याहत्तर ओळी. डावा-उजवा, डावा-उजवा. घोषणा माझी होती: "घाणेगल्ली, आमची वाट! सावली द्या हो दाट दाट!" पहिल्या आठवड्यात चौथीची पोरं ताल चुकवायची, तिसऱ्या आठवड्यापर्यंत तीही पक्की झाली. आमचं पाऊल पडलं की गिरणीचं पत्र्याचं दार थरथरायचं. आत्या तेवढ्यापुरती गिरणी बंद करून दारात गूळ-फुटाणे घेऊन उभी राहायची. शेवटच्या पंधरा दिवसांत तर ती शेवटच्या ओळीत येऊन चालायलाच लागली, साडी खोचून.

"आत्या, डावा आधी!"

"अगं, पिठात पाय भरलेत, डावा कुठला ते दिसतंय कुठे?"

सगळी ओळ हसायची आणि बिडवे सर पुढून गरजायचे, "मागे कोण खिदळतंय?"

सगळ्यांत छान दिवस होते ते. खरंच.

वीस जानेवारीला नाट्यगृहात आराखडा जाहीर झाला. आमची गल्लीच्या गल्ली बघायला गेली होती. पडद्यावर शहराचं जाळं हळूहळू वाढायला लागलं. वर्षं पळत होती, काही धागे वाळत होते, काही फुगत होते. घाणेगल्लीचा धागा आधी दोऱ्याएवढा, मग सुतळीएवढा, मग दोरखंडाएवढा झाला. निवेदक म्हणाला, "या मोजणीतली सर्वाधिक वाढ, घाणेगल्ली! तीस मीटर!"

सगळ्यात आधी टाळ्या मी वाजवल्या. मग शाळेने, मग गल्लीने. शेवंताकाकूंनी तर शिट्टी वाजवली.

आत्या माझ्या कानाशी वाकली. "तीस मीटर म्हणजे किती गं?"

"आपली गल्ली पाच मीटर आहे, त्याच्या सहापट!"

"बरं. मग वरचे पंचवीस कुठून आणणार?"

मी टाळ्या वाजवत होते. ते हात हवेतच राहिले. पडद्यावर आता बारीक अक्षरांत लिहून आलं होतं: अवजड मालवाहतूक मार्ग.

आठवड्यात गल्लीत टेप घेऊन माणसं आली. गिरणीच्या पत्र्यावर लाल रंगात आकडा पडला, घा-१७. रस्त्याच्या हद्दीची रेघ गल्लीत नव्हतीच. ती आमच्या मागच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर होती. म्हणजे पुढचं सगळं रस्त्यात. रस्त्याचे भावी हिस्से नऊ दिवसांत विकले गेले. शहरात एवढ्या वेगाने कुठल्याच रस्त्याचे विकले गेले नव्हते.

"आली बघा नगररचनाकार बाई," आता मी दिसले की शेवंताकाकू म्हणायच्या. त्यांच्या घराचा आकडा घा-१९ होता.

 डबे येत होते, आत्या दळत होती.

मी गप्प बसणारी उरले नव्हते. मार्चमध्ये बिडवे सरांना घेऊन मी थेट मुजावर मॅडमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "मॅडम, आमच्या गल्लीत ट्रक येतच नाही. आला तर वळणावर अडकतो. मग मालवाहतूक कुठून आली?"

त्यांनी मोजणी उघडली. दिवसभर बारीक-बारीक पिंपळपानाच्या शिरांसारख्या रेषा, आणि रोज सकाळी एकाच वेळी एक प्रचंड सुळका.

"हा बघ. अवजड वाहन. संथ चालणारं, खूप चाकांचं. रोज सात वाजून..."

"दहा मिनिटांनी," मी म्हणाले.

बिडवे सरांनी टोपी काढली.

ते कोडं मला तिथेच सुटलं आणि सुटल्याचा आनंद इतका झाला की मी टेबलावर थाप मारली! तीनशे बारा माणसं आपापल्या चालीने चालली तर एकाचा हादरा दुसऱ्याच्या हादऱ्याला खोडतो. एकाचं पाऊल जमीन दाबतं तेव्हा दुसऱ्याचं उचललेलं असतं. सगळं मिळून हादरा पडतो साधारण अठरा जणांएवढा. झोक्याला दहा जणांनी वाटेल तेव्हा ढकललं तर तो धड हलत नाही, तसं. पण सगळ्यांनी एकाच क्षणी पाऊल टाकलं तर काहीच खोडलं जात नाही, पूर्ण तीनशे बारा जणांचा हादरा एकदम. वाटाड्याने शहरात असं चालणं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून त्याने आपल्याजवळचं सगळ्यात जवळचं नाव दिलं: मालट्रक.

मॅडमनी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"चूक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "स्पष्ट चूक आहे."

"मग पुसा!"

"मी पुसू शकत नाही, बाळ. ते पुसता येऊ नये म्हणूनच वाटाड्या आणलाय. तू हरकत नोंदव. सुनावणीत मी स्वतः सांगेन."

मला वाटलं, जिंकलो. चूक सापडली म्हणजे चूक दुरुस्त झाली, गणिताच्या पेपरात असंच असतं ना!

पण चौदाशे हरकती होत्या आणि आमची सुनावणी जुलैत लागली. मधल्या चार महिन्यांत माळावर गोदामं उभी राहायला लागली. तीस मीटरचा मालवाहतूक मार्ग येणार हे नकाशात छापून आलं होतं. कोण थांबेल? आधी विटा, लोखंड आणि सिमेंट आलं, मग माल. मोठे ट्रक वळणावर अडकायला लागले, तेव्हा महापालिकेने कोपऱ्यावरची दोन रिकामी घरं पाडून वळण सोपं करून दिलं. चालक गिरणीपाशी थांबून आत्याकडे पाणी मागायचे. ती द्यायची.

सुनावणीला अधिकाऱ्यांसमोर आम्ही दोघी, बिडवे सर आणि मुजावर मॅडम. मॅडम शब्दाला जागल्या. त्यांनी कदमताल, अठरा आणि तीनशे बारा, सगळं सांगितलं. स्वतःच्या कक्षाची चूक स्वतः मांडली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मुलीने शोधलं? शाबास. मोजणीतून प्रभातफेरी वगळा आणि वाटाड्या आत्ता, सर्वांसमोर पुन्हा चालवा."

मी आत्याचा हात घट्ट पकडला. पडद्यावर सकाळचे सुळके एकेक करून गळून पडले. मग धागे वाढायला लागले. घाणेगल्लीचा धागा फुगत, फुगत, फुगत गेला.

तीस मीटर.

"कसं काय?" बिडवे सर ओरडले.

मॅडमनी मोजणीच्या तारखा उघडल्या. "पुन्हा चालवलं की वाटाड्या जुन्या मोजणीला आजपर्यंतचे हादरे जोडून घेतो. गेले चार महिने तिथून खरेच ट्रक जाताहेत. रोज दोनशे दहा."

"पण ते तुमच्या रेघेमुळे आले!" मी म्हणाले. "रेघ चुकीची होती म्हणून ते आले!"

"हो," त्या म्हणाल्या. "पण आता ते आलेत."

अधिकारी काहीतरी लिहायला लागले. तेवढ्यात आत्या उभी राहिली. पदराने तोंड पुसलं.

"साहेब, एक विचारू? माझी गिरणी त्याच गल्लीत आहे. एकवीस वर्षं रोज दहा तास चालते. भिंत हलते तिने. तिचा हादरा तुमच्या मोजणीत कुठे दिसतोय का?"

अधिकाऱ्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली.

"निर्मलाताई, जागेवरचा हादरा आम्ही वजा करतो. पंप, गिरणी, जनरेटर. नाहीतर चालणाऱ्यांची पावलं नीट ऐकू येत नाहीत."

"असं," आत्या म्हणाली आणि बसली.

मी तरी गप्प बसायला हवं होतं. पण बसमधून घरी येतानाच मला पुढची युक्ती सुचली. पुढची मोजणी पंधरा ऑगस्टपासून होती. धागा अन्नाने वाढतो ना? मग अन्नच तोडायचं! पंचेचाळीस दिवस घाणेगल्लीत कुणी पाऊलच टाकायचं नाही. गल्ली आपोआप वाळेल. ट्रक आहेत, पण ते तरी माणसांच्या आधाराने येतात, चहा, पाणी, हमाल. माणसं गेली की तेही दुसरी वाट धरतील.

शेवंताकाकू म्हणाल्या, "आधी चाला म्हणालीस, आता चालू नका म्हणतेस. उद्या श्वास कसा घ्यायचा तेही सांग."

पण ऐकलं सगळ्यांनी. दुसरं करण्यासारखं काय होतं? बाकीच्या घरांची मागची दारं नाल्याकडे उघडत होती. नाल्याच्या काठाने अर्धा किलोमीटर वळसा घालून माणसं जायला-यायला लागली. म्हातारे घरातच बसले. शाळेने दुसरा रस्ता धरला. गिरणीची अडचण सगळ्यात मोठी, कारण तिला बाहेर पडायला दार एकच, गल्लीतलं; मागच्या परसाला नुसती भिंत. गिऱ्हाइकं त्या भिंतीवरून डबा द्यायची, मी स्टुलावर चढून घ्यायची, आम्हीही तिथूनच ये-जा करायचो. पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस डबे आले, दुसऱ्यात नऊ. जड डबा डोक्यावर घेऊन नाल्याच्या चिखलातून कोण येणार? पलीकडच्या इमारतींत तयार पिठाची दुकानं होती.

तिसाव्या दिवशी एकही डबा आला नाही. मी शाळेतून आले तर आत्या जात्याचा वरचा दगड उतरवून छिन्नी-हातोडी घेऊन बसली होती, टाकी लावत. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टोचे मारून पुन्हा खरखरीत करतात. पण दगड गुळगुळीत व्हायला दळण व्हावं लागतं. तो खरखरीतच होता.

"आत्या, पंधराच दिवस राहिलेत. मॅडम म्हणाल्या की आपल्या गल्लीतली पायी संख्या जवळजवळ शून्यावर आलीये! बघ, जमतंय!"

तिने हातोडी खाली ठेवली.

"शलू, तू बोलायला लागलीस ना, तेव्हा मी सबंध गल्लीत पेढे वाटले होते. आठवतं? आता कधीकधी मला वाटतं..."

"काय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हातोडी उचलली. "काही नाही. जेवून घे."

ते वाक्य तिने कधीच पुरं केलं नाही. मी मनात ते रोज पुरं करते.

ऑक्टोबरात मोजणीचा निकाल लागला. मुजावर मॅडम स्वतः घरी आल्या. गल्लीतून नाही, नाल्याच्या वाटेने, चपला हातात घेऊन, परसाची भिंत ओलांडून. आत्याने त्यांना बाकावर बसवलं. शेवंताकाकू आणि आणखी चार-पाच जणी मागच्या दारात उभ्या होत्या.

"ट्रक कमी झाले?" मी विचारलं.

"वाढले. गल्लीत माणसं नसल्यामुळे त्यांना वेग मिळाला. आता दिवसाला तीनशे चाळीस जातात."

"आणि रेघ?"

त्यांनी नकाशा उलगडला. रेघ तिथेच होती, तेवढीच जाड. पण त्यांचं बोट रेघेच्या कडेला गेलं. जुन्या नकाशात तीस मीटरच्या दोन्ही बाजूंना हिरव्या पट्ट्या होत्या. दोन-दोन मीटरचा फुटपाथ आणि झाडं. नव्यात नव्हत्या.

"पायी चालणारं कुणीच आढळलं नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून वाटाड्याने फुटपाथ काढून टाकला. सगळा रस्ता चाकांना दिला."

  शेवंताकाकूंनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जाताना मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या की कदमतालाची चूक आता वाटाड्यातून कायमची काढली आहे, दुसऱ्या अकरा शहरांतही. सुट्टीत मी कक्षात शिकायला यावं, माझ्यासारखं डोकं त्यांना हवंय. वर्षापूर्वी मी हवेत उडाले असते. मी विचारलं, "तिथे मी काय करू?" त्या म्हणाल्या, "अशाच चुका शोधशील." मी म्हटलं, "सापडल्यावर?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

आत्याने मात्र दुसऱ्याच दिवशी पुढचं पत्र्याचं दार सताड उघडलं. "पाडायला येतील तेव्हा येतील. तोवर पुढून या," तिने सगळ्यांना सांगितलं. पण बायकांची पिठाची दुकानं बदलली होती. दिवसाला तीन डबे आले, कधी चार. ती तेवढ्यासाठी गिरणी लावायची आणि दळून झालं की लगेच बंद न करता थोडा वेळ रिकामीच चालू ठेवायची.

डिसेंबरात गल्ली पाडली.

आता आम्ही पुनर्वसनाच्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावरचे गाळे सोडतीत गेले आणि आमचा नंबर लागला नाही. वरच्या मजल्यांवर हादरे देणारं यंत्र बसवायला बंदी आहे. गिरणीचे दगड आत्याने भंगारवाल्याला दिले नाहीत, कुणाला तरी दिले, कुणाला ते सांगत नाही. खिडकीतून रस्ता दिसतो. सरळ, रुंद, काळा. त्याच्यावर एकही माणूस नाही. पलीकडच्या दुकानात जायचं तर आमच्या फाटकातून बस धरायची, पुढच्या पुलाला वळसा घालायचा आणि समोरच्या फाटकाशी उतरायचं. वीस मिनिटं. खिडकीतून दुकानाची पाटी वाचता येते.

काल रविवारी आत्या म्हणाली, "ज्वारीचं पीठ आण. भाकरी करते." इथे आल्यापासून तिने पहिल्यांदाच काही आणायला सांगितलं होतं. मी धावत खाली गेले, बसने गेले, बसने आले.

तिने पाकीट कात्रीने फोडलं. चिमूटभर पीठ अंगठ्यात आणि बोटात धरून चोळलं, नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं.

"कुणी दळलंय गं हे?"

मी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. वजन होतं, तारीख होती, कारखान्याचा पत्ता होता, तक्रारीसाठी फोन नंबरही होता.

"लिहिलेलं नाही, आत्या."

तिने परात पुढे ओढली आणि त्यात पाणी घातलं.